मेसेज पूर्ण येतो, मग आवाजच का तुटतो?

आखातात नोकरीला गेलेली माणसं वसईत गावोगाव आहेत. नंदाखालची आई कुवेतला असलेल्या मुलाशी मोबाइलवर बोलत असते आणि मध्येच तिला म्हणावं लागतं, "अरे, तुटलं बघ. परत सांग." त्याच मोबाइलवरून, त्याच इंटरनेटवरून मुलाने लिहिलेला मेसेज मात्र कितीही लांबलचक असला तरी पूर्ण येतो. त्यातलं एक अक्षरही गळत नाही. मग आवाजाचंच असं का होतं? व्याख्यानांनंतर लोक हा प्रश्न हमखास विचारतात आणि बहुतेकांनी "नेट स्लो असेल" हे उत्तर मनाशी धरलेलं असतं. ते उत्तर अर्धवट आहे.

पूर्ण उत्तर हवं असेल तर बोलण्याचा एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहून पाहावा. त्याला दोन लॅपटॉप, एक वायफाय राउटर आणि दोन इअरफोन पुरतात. पायथन भाषेत तो पन्नास-साठ ओळींत बसतो. वसई-विरारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेची मुलं 'नेटवर्क'च्या प्रयोगशाळेत मजकूर पाठवायचा असा प्रोग्राम लिहितात. आपण त्याच्या पुढची पायरी घेणार आहोत, मजकुराच्या जागी आवाज. या प्रकरणात प्रोग्रामच्या ओळी मराठीत सांगितल्या आहेत. आधी त्यामागचा विचार समजला, की त्या पायथनमध्ये उतरवणं फार अवघड जात नाही.

१. आवाजाचे आकडे कसे होतात?

आवाज म्हणजे हवेच्या दाबात भरभर होणारा चढउतार. माइकमध्ये त्या चढउताराची वीज होते. ही वीज संगणकाचं साउंड कार्ड ठरावीक वेळाने मोजतं आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहून ठेवतं. अशा एका मोजमापाला 'नमुना' म्हणतात. नमुन्यांची रांग म्हणजे आकड्यांत उतरलेला आवाज.

सेकंदाला किती नमुने घ्यायचे? याचा नियम सोपा आहे. जितक्या कंपनांपर्यंतचा आवाज टिपायचा असेल, त्याच्या दुपटीहून कमी वेळा मोजून चालत नाही. टेलिफोनच्या जगात १९७२ साली जी.७११ नावाचं मानक ठरलं. त्यात सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. त्यामुळे ४,००० कंपनांपर्यंतचाच आवाज टिपता येतो आणि जुन्या फोनवर प्रत्यक्षात ३,४०० च्या आसपासच तो कापला जायचा. 'स' आणि 'फ' या अक्षरांचा बराचसा जोर त्याच्या वरच्या पट्ट्यात असतो. म्हणून लँडलाइनवर नाव सांगताना "सफरचंदातला स" असं फोडून सांगावं लागायचं.

आपण सेकंदाला १६,००० नमुने घेऊ. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली आणि लाखो लोक पहिल्यांदाच फोरजीवरून साधा कॉल करू लागले. त्या प्रकारच्या कॉलमध्येही सहसा १६,००० नमुनेच घेतले जातात आणि आवाज आपल्या प्रोग्रामसारखाच तुकड्या-तुकड्यांनी जातो. प्रत्येक नमुना आपण १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटचा धरू. हिशोब असा: १६,००० गुणिले २, म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट.

२. तुकडा केवढा कापायचा?

नेटवर्कवरून माहिती सलग धारेने जात नाही, ती लहान लहान तुकड्यांनी जाते. तुकड्याला पॅकेट म्हणतात. आवाजाचं एक पॅकेट केवढं असावं?

एक सेकंदाचं पॅकेट करून पाहू. बोलणाऱ्याचा पूर्ण सेकंद जमा होईपर्यंत काहीच निघणार नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला किमान एक सेकंद उशीर ठरलेलाच. शिवाय एक पॅकेट हरवलं तर "उद्या सकाळी येतो" मधलं "सकाळी" अख्खं गेलं. उलट टोकाला जाऊन २ मिलिसेकंदांचं पॅकेट केलं तर? (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) प्रत्येक पॅकेटवर पत्त्याची चिठ्ठी लावावी लागते आणि ती किमान २८ बाइटची असते. ६४ बाइट आवाजावर २८ बाइट चिठ्ठी हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

म्हणून जगभरात २० मिलिसेकंदांचा तुकडा रूढ झाला आहे. आपल्या हिशोबात त्यात ३२० नमुने, म्हणजे ६४० बाइट येतात आणि सेकंदाला ५० पॅकेटं निघतात. सावकाश बोलताना एका अक्षराच्या उच्चाराला यापेक्षा कितीतरी पट जास्त वेळ लागतो. त्यामुळे एखादं पॅकेट गेलं तरी अक्षर जात नाही, त्याचा एखादा कोपरा जातो.

३. दादरच्या बाजारात उशिरा पोचलेली टोपली

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. नेटवर्कवरून पॅकेटं पाठवायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एकाचं नाव टीसीपी, दुसऱ्याचं यूडीपी.

टीसीपी एकही पॅकेट हरवू देत नाही. समोरून पोच आली नाही तर तो ते पुन्हा पाठवतो आणि क्रमही बिघडू देत नाही. पाचवं पॅकेट वाटेत अडकलं असेल तर सहावं, सातवं, आठवं पोचलेलं असूनही प्रोग्रामच्या हाती देत नाही, पाचव्याची वाट पाहतो. मेसेज, फोटो, बँकेचा व्यवहार यांना हेच हवं. दोन सेकंद उशीर चालेल, पण रकमेतलं शून्य गळलेलं चालणार नाही.

यूडीपी पॅकेट सोडून देतो आणि पुढच्या कामाला लागतो. पोच मागत नाही, पुन्हा पाठवत नाही, क्रमाची हमी देत नाही. पहिल्यांदा ऐकताना हा निष्काळजीपणा वाटतो.

वसईच्या फुलवाल्यांचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सोनचाफा, मोगरा तोडून, टोपल्या भरून ते पहाटेच्या लोकलने लगेजच्या डब्यातून दादरच्या फुलबाजारात जातात. भाव असतो तो सकाळी. एखादी टोपली बोरिवलीला राहून गेली, तर तिच्यासाठी बाकीच्या टोपल्या घेऊन कुणी बोरिवलीच्या फलाटावर थांबत नाही, कारण मग सगळाच माल बाजार उठल्यावर पोचेल. राहिलेली टोपली दुपारी हाती आली तरी तिचा उपयोग नाही. फुलं तीच असतात, पण त्यांची वेळ टळलेली असते.

आवाजाचं पॅकेट म्हणजे ही टोपली. ज्या क्षणी ते कानात वाजायला हवं होतं, तो क्षण गेला की ते पॅकेट फुकट. म्हणून आवाजासाठी यूडीपी. सगळं पोचण्यापेक्षा वेळेवर पोचणं मोलाचं, या एका वाक्यावर आपला सगळा प्रोग्राम उभा राहणार आहे.

ही गोष्ट संशोधकांनाही अनुभवातूनच कळली. ऑगस्ट १९७४ मध्ये अमेरिकेत, आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवर, कॅलिफोर्नियातली एक संशोधन संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन प्रयोगशाळा यांच्यात पॅकेटांमधून आवाज गेला. या कामाचं नेतृत्व डॅनी कोहेन यांच्याकडे होतं. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवण्यात बोलण्याची लय मोडते, हे त्यांच्या मंडळींनी ओळखलं आणि सगळ्या वाहतुकीवर हमीची सक्ती नको असा आग्रह धरला. १९७८ मध्ये टीसीपीमधून पत्ता शोधून पॅकेट पोचवण्याचं काम वेगळं काढण्यात आलं. त्याच विभागणीमुळे यूडीपीला जागा झाली. ऑगस्ट १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी यूडीपीचं मानक लिहिलं. ते अवघ्या तीन पानांचं आहे. मला स्वतःला संगणकाच्या इतिहासातल्या सगळ्यात देखण्या दस्तऐवजांपैकी ते एक वाटतं. काय करायचं नाही, हे इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी ठरवलं असेल.

४. पत्ता आणि खिडकी

घरातल्या राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. याला आयपी पत्ता म्हणतात. पण एका लॅपटॉपवर एकाच वेळी ब्राउझर, मेल, आपला प्रोग्राम असं बरंच काही चालू असतं. आलेलं पॅकेट कुणाचं, हे कळावं म्हणून पत्त्यासोबत आणखी एक क्रमांक लागतो, पोर्ट. आपण ५००५ घेऊ. दुसरा प्रोग्राम तो वापरत नसला म्हणजे झालं.

प्रोग्रामने "मला ५००५ वर आलेली पॅकेटं द्या" असं संगणकाला सांगून जी खिडकी उघडून घ्यायची, तिला सॉकेट म्हणतात. पाठवणंही याच खिडकीतून होतं. विंडोजवर प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना परवानगी विचारणारी चौकट येते. ती 'नाही' म्हणून बंद केली तर पॅकेटं येतच नाहीत आणि विद्यार्थी तासभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर एका यंत्राला दुसऱ्याशी थेट बोलू न देण्याची सोय बऱ्याचदा चालू ठेवलेली असते. तिथे अडलात तर एका मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून दोन्ही लॅपटॉप त्याला जोडून पाहा.

५. बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी

अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या मच्छीमार बोटींवर व्हीएचएफ वायरलेस असतो. त्यावर बटण दाबून बोलायचं आणि बटण सोडून ऐकायचं. दोघांनी एकदम बोलून चालत नाही, कारण दोघांचा चॅनल एकच. 

फोनवर आपण असे पाळीपाळीने बोलत नाही. समोरचा बोलत असताना "हो, हो" म्हणतो, मध्येच तोडतो, दोघं एकदम हसतो. हे जमायला प्रोग्रामने दोन कामं एकमेकांची वाट न पाहता करायला हवीत. एकच रांग ठेवली, म्हणजे "माइकमधून घे, पाठव, आलेलं पॅकेट घे, वाजव, पुन्हा पहिल्यापासून", तर समोरून पॅकेट आलं नाही की प्रोग्राम तिथेच ताटकळतो आणि आपला माइकही बंद पडल्यासारखा होतो. म्हणून प्रोग्रामचे दोन धागे करायचे. एक फक्त पाठवेल, दुसरा फक्त घेईल. प्रोग्रामरांच्या बोलीत यांना 'थ्रेड' म्हणतात.

६. प्रोग्राम

पाठवणारा धागा:

माइक उघड: सेकंदाला १६,००० नमुने, १६ बिट, एकच माइक
क्रमांक = ०
सतत करत राहा:
तुकडा = माइकमधून ३२० नमुने घे
पॅकेट = क्रमांक (४ बाइट) + तुकडा (६४० बाइट)
पॅकेट समोरच्या पत्त्यावर, पोर्ट ५००५ वर सोड
क्रमांक = क्रमांक + १

घेणारा धागा:

स्पीकर उघड: तेच आकडे
सतत करत राहा:
पॅकेट = पोर्ट ५००५ वर आलेलं घे
तुकडा = पॅकेटमधला आवाजाचा भाग
तुकडा स्पीकरला दे

एवढंच. माइक आणि स्पीकरसाठी पायथनमध्ये पायऑडिओ किंवा साउंडडिव्हाइस ही तयार साधनं आहेत. सॉकेट तर पायथनमध्ये मुळातच असतो.

पाठवणाऱ्या धाग्यात "२० मिलिसेकंद थांब" अशी ओळ नाही, हे लक्षात आलं का? ३२० नमुने जमायलाच २० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे माइकच प्रोग्रामचं घड्याळ होतो. नवशिके इथे मुद्दाम थांबण्याची सूचना घालतात आणि मग आवाज हळूहळू मागे पडत जातो.

पहिली चाचणी एकाच लॅपटॉपवर, इअरफोन लावून करा. पत्ता १२७.०.०.१ द्या. हा पत्ता म्हणजे 'मीच'. स्वतःचा आवाज किंचित उशिरा कानात आला, की दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपचा पत्ता घाला आणि तिथे कुणाला तरी बसवा. पहिलं "ऐकू येतंय का?" पलीकडे पोचतं तेव्हाचा आनंद खरा असतो.

पण थोड्याच वेळात तो आवाज खरखरायला, तुटायला लागेल. आपण सुरुवातीच्या प्रश्नापाशी आलो.

७. थोडं थांबून वाजवा

पॅकेटं निघतात बरोबर २० मिलिसेकंदांच्या अंतराने, पोचतात मात्र तशी नाहीत. शेजारच्या खोलीत कुणी व्हिडिओ पाहत असेल, तर वायफायवर आपलं पॅकेट त्याच्यामागे रांगेत उभं राहतं. सोसायटीतल्या वीस घरांचे राउटर एकाच चॅनलवर असतील तर रांग आणखी वाढते. उशिरातल्या या कमी-जास्तपणाला 'जिटर' म्हणतात.

पाच पॅकेटांचं उदाहरण घेऊ. वेळा मिलिसेकंदांत आहेत.

पहिलं ० ला निघालं, ३० ला पोचलं.
दुसरं २० ला निघालं, ५५ ला पोचलं.
तिसरं ४० ला निघालं, ७१ ला पोचलं.
चौथं ६० ला निघालं, १२५ ला पोचलं.
पाचवं ८० ला निघालं, १२७ ला पोचलं.

एकही पॅकेट हरवलेलं नाही. पहिलं पोचताच, म्हणजे ३० ला, आपण वाजवायला सुरुवात केली. मग दुसरं ५० ला हवं, ते आलं ५५ ला. तिसरं ७० ला हवं, आलं ७१ ला. चौथं ९० ला हवं, आलं १२५ ला. पाचवं ११० ला हवं, आलं १२७ ला. सगळं काही पोचूनही पाचांतली चार पॅकेटं वेळ टळल्यावर आली आणि ऐकणाऱ्याला तुटक आवाज मिळाला.

आता पहिलं पॅकेट आल्यावर ४० मिलिसेकंद थांबू आणि ७० ला वाजवायला लागू. पुढच्या पॅकेटांच्या वेळा झाल्या ९०, ११०, १३० आणि १५०. दुसरं ५५ ला आलेलं आहे, तिसरं ७१ ला, चौथं १२५ ला आणि पाचवं १२७ ला. सगळी वेळेत! नेटवर्क तेच, पॅकेटं तीच, फक्त ४० मिलिसेकंदांचा धीर धरला आणि आवाज सलग झाला.

या थांबवून ठेवलेल्या साठ्याला 'जिटर बफर' म्हणतात. आपल्या घेणाऱ्या धाग्यात बदल करायचा तो एवढाच: आलेलं पॅकेट लगेच न वाजवता क्रमांकानुसार साठ्यात ठेवायचं, सुरुवातीला दोन तुकड्यांइतका वेळ थांबायचं आणि मग दर २० मिलिसेकंदांनी पुढच्या क्रमांकाचा तुकडा वाजवायचा. प्रत्येक पॅकेटला आपण क्रमांक दिला होता तो इथे कामी येतो. मागाहून निघालेलं पॅकेट पुढे आलं तरी ते आपल्या जागी बसतं. वेळ टळून आलेलं पॅकेट टाकून द्यायचं.

मग साठा चांगला मोठा का ठेवू नये? कारण उशीर बोलण्याला मारतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांना चालतो असं सांगितलं आहे. ४०० च्या पुढे तो जाऊच नये, असाही सल्ला आहे. उशीर वाढला की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात. आपला हिशोब मांडू: तुकडा भरायला २०, दोन्हीकडच्या साउंड कार्डांना मिळून साधारण ४०, वायफायला ५ आणि साठ्याला ४०. बेरीज १०५. चांगल्या संभाषणाच्या आत आहे.

आणि कुवेत? मुंबई ते कुवेत सरळ रेषेत सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे तेवढं अंतर कापायला त्याला १४ मिलिसेकंद पुरतात. केबल वळसे घेत जाते म्हणून थोडा वेळ जास्त धरा. तरीही समुद्र हा यातला मोठा गुन्हेगार नाही. आवाज तुटतो तो बहुतेकदा अखेरच्या वीस-पंचवीस फुटांत, आतल्या खोलीतल्या मोबाइलपासून दारावर टांगलेल्या राउटरपर्यंत, नाहीतर गर्दीच्या वेळी मोबाइल टॉवरच्या रांगेत. नंदाखालच्या आईने राउटरच्या जवळ येऊन बसावं, हा सल्ला शास्त्राला धरून आहे.

८. जे आलंच नाही, त्याचं काय?

साठा ठेवूनही काही पॅकेटं हरवतातच. वाजवायची वेळ झाली आणि तुकडा नाही, तर काय वाजवायचं? सोपं उत्तर म्हणजे शांतता. पण चालू आवाजात मध्येच पडलेलं २० मिलिसेकंदांचं शून्य कानाला 'टक्' असं टोचतं. त्यापेक्षा आधीचाच तुकडा थोड्या हलक्या आवाजात पुन्हा वाजवला तर बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही. 'आ'चा स्वर २० मिलिसेकंदांत फारसा बदलत नसतो. ओळीने तीन-चार पॅकेटं गेली तर मात्र ही युक्ती चालत नाही, आवाज यंत्रमानवासारखा होतो. मोबाइलवर हा यंत्रमानव तुम्ही ऐकलेला आहे.

याचा प्रयोग करता येतो. घेणाऱ्या धाग्यात मुद्दाम एक ओळ घाला: दर वीस पॅकेटांतलं एक फेकून दे. मग दहातलं एक, मग पाचातलं एक. प्रत्येक वेळी एकदा शांतता वाजवून ऐका, एकदा आधीचा तुकडा वाजवून. कुठपर्यंत बोलणं समजतं हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा, कारण आपण काय बोललो हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

९. दोन घड्याळांचा घोळ

अर्धा-पाऊण तास सलग बोललात तर आणखी एक गंमत दिसेल. साठा आपोआप वाढत जाईल किंवा आटत जाईल. दोन्ही लॅपटॉप सेकंदाला १६,००० नमुने घेतो म्हणतात, पण दोघांच्या स्फटिकांच्या घड्याळांत सूक्ष्म फरक असतो. तो दहा लाखांत ५० इतका असला, तरी तासाला ०.१८ सेकंद होतात. म्हणजे नऊ पॅकेटं जास्त किंवा नऊ कमी! उपाय असा, की कुणी बोलत नसेल तेव्हा एखादा तुकडा गाळायचा किंवा वाढवायचा. माणसं मध्येमध्ये श्वास घेतात, हे प्रोग्रामरच्या पथ्यावर पडतं.

१०. इअरफोन कशासाठी?

स्पीकरवर ऐकलं तर समोरच्याचा आवाज स्पीकरमधून निघून आपल्या माइकमध्ये शिरतो आणि त्याच्याकडे परत जातो. त्याला स्वतःचेच शब्द दशांश-पंचमांश सेकंदाने ऐकू येतात आणि बोलणं अशक्य होतं. मोठे ॲप स्पीकरला काय दिलं हे लक्षात ठेवून माइकच्या आवाजातून तेवढं वजा करतात. खोलीच्या भिंतींवरून आपटून आलेला आवाज ओळखून वजा करणं हे अवघड गणित आहे आणि आपल्या पन्नास ओळींत ते बसणार नाही. इअरफोन वापरा.

११. वायफायच्या बाहेर पडताना

हाच प्रोग्राम विरार ते कुवेत का चालत नाही? तीन अडचणी आहेत.

पहिली पत्त्याची. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फक्त घरापुरते असतात. बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा पत्ता. बऱ्याच मोबाइल आणि केबल कंपन्या तर शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. बाहेरून आपणहून आलेलं पॅकेट कुणाला द्यायचं हे राउटरला कळत नाही, म्हणून तो ते टाकून देतो. तोड अशी: दोघंही आधी इंटरनेटवरच्या एका ओळखीच्या सर्व्हरला पॅकेट पाठवतात. तो दोघांना त्यांचे बाहेरून दिसणारे पत्ते सांगतो. मग दोघं एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेटं सोडतात. आतून बाहेर पॅकेट गेलेलं असल्यामुळे राउटर आता तिथून आलेलं उत्तर आत घेतो. तेही जमलं नाही तर सगळा आवाज त्या सर्व्हरमार्फत फिरवावा लागतो.

दुसरी डेटाची. आपलं पॅकेट चिठ्ठी आणि क्रमांक धरून ६७२ बाइटचं आहे. तासाला एका दिशेने सुमारे १२१ एमबी होतात. आवाज दाबून लहान करणाऱ्या सूत्राला 'कोडेक' म्हणतात. २०१२ साली मानक झालेला आणि कुणालाही फुकट वापरता येणारा ओपस हा कोडेक सेकंदाला २४,००० बिटांत उत्तम बोलणं देतो. मग तुकडा ६४० ऐवजी ६० बाइटचा आणि तासाचा खर्च सुमारे साडेसोळा एमबी. ओपसच्या पोटात बोलण्यासाठी जी पद्धत आहे, तिचा पाया घालणाऱ्यांमध्ये कानपूरला जन्मलेले आणि बेल लॅब्जमध्ये काम केलेले बिष्णू अटल यांचं नाव अग्रभागी येतं. मागच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि चुकलेला फरक तेवढा पाठवायचा, ही ती कल्पना. डिसेंबर १९७४ मध्येच आर्पानेटवरच्या आवाजासाठी ती वापरली गेली होती.

तिसरी गुप्ततेची. आपली पॅकेटं उघडी आहेत. त्याच नेटवर्कवरचा जाणकार माणूस ती टिपून ऐकू शकतो. घरच्या प्रयोगाला हे चालेल, खऱ्या वापराला पॅकेटं कुलूपबंद करायलाच हवीत आणि ते काम स्वतः न करता पारखून घेतलेल्या तयार साधनांवर सोपवावं.

१२. इंटरनेट बंद असताना

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपला प्रोग्राम एका वायफायपुरता आहे, हा त्याचा कमीपणा जसा आहे, तसा गुणही आहे. त्याला इंटरनेट लागतच नाही. राउटरमागची तार तुटली असली तरी राउटर चालू असेपर्यंत दोन लॅपटॉप एकमेकांशी बोलू शकतात.

वसई-विरारला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचलं आणि लोकल बंद पडल्या. अडकलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीतल्या प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने बोटींतून बाहेर काढलं. अशा दिवशी चार इमारतींच्या सोसायटीत गेट, मीटर रूम, तळमजल्यावरची आजारी माणसं आणि वरच्या मजल्यावर त्यांना घ्यायला तयार असलेली घरं, यांच्यात बोलणं चालू राहणं हीच पहिली गरज असते. इमारतींचे राउटर एकमेकांना केबलने जोडलेले असतील आणि प्रत्येकाला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस असेल, तर वीज आणि इंटरनेट दोन्ही गेल्यावरही काही तास हे जमतं.

इथल्या महाविद्यालयांत नेटवर्क शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्याच सोसायटीसाठी हा प्रोग्राम लिहावा. आधी दोन लॅपटॉपवर, मग चार मोबाइलवर, मग मुद्दाम इंटरनेटची तार काढून. हे सगळं मे महिन्यात करा, पाऊस सुरू व्हायच्या आधी.